आवळ्याखालची पंगत

"साहेबाचं पाऊल माझ्या उंबऱ्याच्या आत पडायचं नाही," आईसाहेब गोमुखीतली माळ ओढत म्हणाल्या. "आणि घरी बोलावलेल्या पाहुण्याला बाहेर बसवून जेवू घातलं, असंही व्हायचं नाही. तो अपमान देवाला पोचतो."

भाऊसाहेब घैसासांनी कपाळाला हात लावला. गोरा कलेक्टर परवा, कार्तिकी पौर्णिमेला, दुपारी जेवायला येणार होता. त्याच्यासाठी पुण्याहून टेबल-खुर्च्या आल्या होत्या. पण आईसाहेबांचा शब्द त्या नव्या बंगल्यातही कुणी मोडत नसे.

"आई, माणूस एक तर आत जेवेल, नाही तर बाहेर. तिसरी जागा कुठून आणू?"

"ते तू बघ."

मागल्या दारी राखेनं पातेली घासणारी सगुणा फिसकन हसली.

आईवरचा राग भाऊसाहेबांनी तिच्यावर काढला. "हसतेस? मग तूच काढ वाट! दिवेलागणीपर्यंत सांगितली नाहीस, तर उद्यापासून दुसरं घर बघ."

सगुणेचं हसू विरलं. याच भांड्यांवर तिची नि तिच्या आंधळ्या सासूची चूल पेटत होती. ती घासत राहिली. परातीत स्वतःचं तोंड दिसायला लागलं तरी तिचा हात थांबेना. उरलेली राख नेहमीसारखी परसातल्या आवळ्याच्या आळ्यात टाकायला ती उठली, वर लगडलेले आवळे पाहिले, आणि तिथंच उभी राहिली.

आईसाहेब तुळशीपाशी दिवा लावायला आल्या, तेव्हा ती पदर सावरून पुढं झाली.

"आईसाहेब, परवा तुमी कुटं जेवनार?"

"हे काय विचारणं? दरवर्षीसारखं आवळीभोजन. झाडाची पूजा करायची आणि त्याच्या सावलीत जेवायचं."

"आन् बाकीची मंडळी?"

"सगळी तिथंच. त्या दिवशी घरात पान मांडत नाहीत."

"मंग साहेबाचं पान बी तितंच मांडा. उंबऱ्यात पाऊल पडायला नको."

"पण बाहेर बसवलं असं तो म्हणाला तर?"

"घरची मालकीनच भाईर बसल्यावर पावन्याला भाईर बसवलं, असं कोन म्हनंल?"

भाऊसाहेब ओटीवरून धावतच आले. आईसाहेब मात्र इतक्यात हार मानणाऱ्या नव्हत्या. "आणि शिवाशिव?"

"खोड हाय की मधी. तुमी उगवतीला बसा, साहेब मावळतीला."

आईसाहेबांच्या ओठांचा कोपरा हलला. "वाट तर बरी काढलीस. पण सकाळी हसलीस का, ते सांग."

सगुणेनं खाली पाहिलं. "बारा वरसं मी मागल्या दारी, उंबऱ्याभाईरच जेवते. भाईर जेवू घालन्यात अपमान असतो, ते मला आजच कळलं."

भाऊसाहेब इकडंतिकडं बघू लागले. आईसाहेब दिव्याची वात पुढं सारायची विसरल्या. मग त्या हसल्या. डोळ्यांना पदर लावावा लागला इतक्या हसल्या.

"बरी सापडले गं तुझ्या हाती! परवा भांड्यांना हात लावायचा नाही. मी देते ते नवं लुगडं नेस आणि जेवायला ये."

"माजं पान कंच्या अंगाला, आईसाहेब? उगवतीला का मावळतीला?"

"उगवतीला. माझ्या शेजारी," आईसाहेब म्हणाल्या. "आणि सासूला हाताला धरून आण. तिला मी वाढीन."