खारीचे चाळीस खडे

एका डोंगरउतारावरच्या रानात, अर्जुनाच्या झाडातल्या ढोलीत, एक खार आपल्या दोन पिल्लांसह राहत असे. त्या रानात उसनवारीची एक रीत होती. कुणाकडून पानभर दाणे उसने घेतले, की आपल्या झाडाखालचा एक खडा त्याच्या दारात ठेवायचा. दाणे परत केले, की खडा उचलून आणायचा. पळस फुलेपर्यंत ज्याचे खडे दुसऱ्यांच्या दारात पडून राहतील, त्याने आपले घर सोडून जायचे.

एका वर्षी पावसाळा सरता सरता खारीला मनाचा आजार जडला. सुरुवातीला तो आजार आहे असे कुणाला वाटलेच नाही, कारण ती फार आनंदात दिसत असे. तिला झोप येईना, भूक लागेना आणि डोक्यात एकामागून एक बेत येत. "मी रानातलं सर्वांत मोठं कोठार बांधणार आहे," असे ती भेटेल त्याला भरभर सांगे. तिने सात झाडांवर सात घरटी सुरू केली, पुरे एकही केले नाही. दारोदार जाऊन दाणे उसने आणले आणि ज्यांनी मागितले नव्हते त्यांनाही वाटून टाकले. मग एका सकाळी तो सगळा जोर ओसरला. खार ढोलीच्या भिंतीकडे तोंड करून पडली, ती महिनाभर उठली नाही. बाहेर तिचे चाळीस खडे पडले होते : मुंगीच्या वारुळापाशी बावीस, कावळ्याच्या झाडाखाली नऊ आणि उरलेले नऊ उंदरांच्या व साळुंक्यांच्या दारात.

शेवटी पिल्लांनी तिला धरून तळ्याकाठच्या म्हाताऱ्या कासवाकडे नेले. कासवाला रानातले आजार कळत असत. मुलांनो, खार त्याच्यासमोर मान खाली घालून बसली होती, जणू तिने काही चोरलेच होते. कासव म्हणाले, "पाय मोडला असता तर अशी बसली असतीस का? हाही आजारच आहे. ही कडू मुळी रोज खायची आणि सूर्य मावळला की काम बंद. बरं वाटायला लागल्यावरही दोन्ही सोडायचं नाही."

हळूहळू खार सावरली. ढोलीबाहेर आली, तेव्हा समोरच्या फांदीवर कावळा बसला होता.

"काय खारूताई, कोठार कुठवर आलं? आमच्यासाठी एक खोली ठेव हो," तो म्हणाला. मग त्याने हसणे थांबवले. "माझी नऊ पानं दाणे आहेत तुझ्याकडे. बुडवी म्हणून रानभर नाव झालंय तुझं."

"पळस फुलायच्या आत सगळे खडे उचलते," खार म्हणाली.

ती पहाटेपासून कामाला लागली. चार दिवसांत तिने एकच खडा उचलला. पण दोनच महिने हाती होते, म्हणून ती सूर्य मावळल्यावरही दाणे वेचू लागली. मुळीने झोप येते, म्हणून मुळी सोडली. आणखी चार दिवसांत आणखी सहा खडे उचलले गेले. नवव्या दिवशी तिन्हीसांजेला ती दोन पाने भरून मुंगीच्या दारात आली.

"मोज, मुंगीताई, लवकर मोज. मला उंदराकडे जायचंय, मग नदीपलीकडे, तिथे बोरी आहेत, उद्या मी पाच पानं आणते, सहा आणते, बघच तू."

मुंगी कधीही न मोजता काही घेत नसे. तिने सगळे दाणे मोजले आणि पाने परत खारीकडे सरकवली.

"हे मी घेणार नाही."

"कमी भरले?"

"अर्धं पान जास्तच आहेत. पण भादव्यात दाणे मागायला आलीस, तेव्हा तू अशीच बोलत होतीस. मला ऐकू येत होतं. मी मनात म्हटलं, हिचं मोठं कोठार होतंय, आपले दाणे वाढून परत येतील. बावीस खडे ठेवून घेतले मी, पण तू शेवटची कधी झोपलीस, हे एकदाही विचारलं नाही." मुंगी जवळ आली. "कासवाची मुळी खातेस का?"

खारीने नकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाली, "मी थांबले तर ढोली जाईल. पिल्लांना कुठे नेऊ?"

"आज घरी जा. मुळी खा, झोप. उद्या मी सगळ्यांना अर्जुनाखाली बोलावते. पण तिथे बोलायचं तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. खार पुढे येऊन बोलली. "मला मनाचा आजार झाला होता. तो अजून पुरता गेलेला नाही. दाणे मी घेतले, ते मीच फेडीन. पण चार दिवसांना एक पान, एवढंच मला झेपतं. सूर्य मावळल्यावर मी काम करणार नाही. पळस फुलेल तेव्हा पुष्कळ खडे बाकी असतील."

"आणि रीत?" कावळा म्हणाला. "ती काय हिच्यासाठी मोडायची?"

"निम्म्याहून जास्त खडे माझ्या दारात आहेत. मी थांबायला तयार आहे," मुंगी म्हणाली.

"तुला काय, तुझं वारूळ भरलेलं. एका बुडवीला सूट दिली, की उद्या सगळेच बुडवतील."

"ती बुडवत नव्हती, कावळेदादा. ती बुडत होती. आणि आपण काठावर बसून खडे मोजत होतो."

मग उंदीर म्हणाले, "आम्हीही थांबतो." साळुंक्यांनी माना डोलावल्या. कावळा चोच फांदीवर घासत राहिला आणि अखेर म्हणाला, "पहिलं पान मात्र माझं." चौथ्या दिवशी खारीने ते त्याला नेऊन दिले.

पळस फुलला, तेव्हा एकोणीस खडे बाकी होते. खार आपल्या ढोलीतच होती. ती पान घेऊन बाहेर निघाली असता कावळा आला आणि वरच्या फांदीवर न बसता तिच्या शेजारी उतरला.

"खारूताई, मी दाण्यांसाठी नाही आलो," तो म्हणाला. "आमची कावळी चार दिवस घरट्यातून उठलेली नाही. अंगाला काही झालेलं दिसत नाही, पण खात नाही, बोलत नाही. मी आधी ओरडलो तिच्यावर. ते कासव... ते कुठे बसतं?"

खारीने हातातले पान खाली ठेवले. "चल, आधी तिच्याकडे जाऊ. मग कासवाला इकडे घेऊन येऊ. ते हळू चालतं, पण येतं."

"आणि तुझं आजचं काम?"

"ते उद्या," खार म्हणाली.

तात्पर्य : मनाचा आजार हा गुन्हा नव्हे. त्यात झालेले कर्ज लपवू नये आणि घाईने फेडायलाही जाऊ नये. खरे काय ते सांगून, झेपेल तेवढे, सावकाश फेडावे. आणि ज्याचे येणे आहे त्याने, मोजण्याआधी, समोरचा बरा आहे ना, एवढे विचारावे.