तहानलेला पाहुणा

"मेलेल्या माणसाशी भांडायचं कसं, गुरुजी?"

थेऑनने मान वर केली. दारात हेगियास उभा होता. टेकडी चढून आल्यामुळे धापा टाकत होता. कपाळावर घाम होताच, त्याखाली आठ्याही होत्या.

"आधी बस," थेऑन म्हणाला. "जिवंत माणसाशी भांडायचं असलं तरी दम लागतो."

प्राचीन ग्रीसमधल्या एका बंदरगावातली ही गोष्ट. थेऑनने उभा जन्म शोकनाटकांत घालवला होता. मुखवटा चढवून तो राण्यांचे विलाप गायचा. गुडघे दुखू लागले तसा तो नाटकातल्या गाणाऱ्या पोरांना शिकवू लागला. आता कबरस्तानाच्या वरच्या अंगाला एका खोपटात एकटा राहत होता. मेलेल्यांचा शेजार बरा, ते चुगल्या करत नाहीत, असं म्हणायचा.

हेगियास त्याचा सगळ्यात गोड गळ्याचा शिष्य. आपला गळा गोड आहे हे पोराला फार लवकर कळलं होतं, एवढीच काय ती त्याच्यात खोट.

"कोणाशी भांडायचंय?"

"आंद्रोनशी. मिर्तोच्या पहिल्या नवऱ्याशी."

थेऑनने शेजारचा पाण्याचा घडा उचलला. हेगियासने ओंजळ पुढे केली. म्हाताऱ्याने ओंजळीकडे पाहिलंच नाही. उंबऱ्याबाहेरच्या मातीत थोडं पाणी ओतलं आणि घडा खाली ठेवला.

म्हातारपण, दुसरं काय! हेगियासने हात मागे घेतले.

"तो तर कधीच बुडाला ना?" थेऑनने विचारलं.

"बुडाला. होडी उलटली त्याची. त्यानंतर मिर्तोने माझ्याशी लग्न केलं. काय कमी केलंय मी तिला? माझं गाणं ऐकायला पलीकडच्या बेटावरून माणसं येतात. आंद्रोनला दोन ओळी सुरात म्हणता येत नव्हत्या!"

पुन्हा मातीत पाणी.

"मग त्याच्यावर जळतोस कशाला?"

हेगियास खरोखरच जळत होता. चेहऱ्यावर दिसत होतं. रात्रीची झोप गेलेल्या माणसाचे डोळे लपत नाहीत.

"आज मृतांचा दिवस," तो म्हणाला. "मेलेल्याला नाव घेऊन हाक मारली की तो येतो, आणि येतो तो तहानलेला येतो. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. म्हणून बायका कबरीवर जाऊन हाका मारतात, तेल-पाणी ओततात. मिर्तोही जाते. वर्षभर त्याचं नाव काढत नाही, आणि या दिवशी मात्र धुतलेलं वस्त्र नेसून जाते. माझ्यासाठी नाही, गुरुजी. त्याच्यासाठी!"

"वर्षभर नाव काढत नाही?"

"नाही ना! तेच तर. मनात दडवून ठेवते. मी मुद्दाम विचारतो. जेवताना विचारतो, आंद्रोनलाही असंच वाढायचीस का? ती हसली की विचारतो, आंद्रोनची आठवण आली का? ती गप्प बसते. गप्प का बसते?"

थेऑनने घडा उचलला. या खेपेला जरा जास्त ओतलं. पाणी ओघळून हेगियासच्या पायापर्यंत आलं. त्याने पाय आखडून घेतले.

"आज सकाळी तिची तेलाची कुपी मी जमिनीवर आपटली," तो हळू आवाजात म्हणाला. "फुटली. आत पाहतो तर कुंभाराने गळ्याखाली एवढीशी वाटी बसवलेली. तेल तेवढ्यातच. बाकी सगळी कुपी पोकळ."

"बरं वाटलं असेल."

"वाटलं. क्षणभर. म्हटलं, एवढंसंच तेल आहे त्याच्या वाट्याला! मग मनात आलं... एवढ्याशा तेलासाठी कोणी एवढं लांब चालत जाईल का? म्हणजे ती तेल ओतायला जात नाही. त्याला भेटायला जाते."

मत्सराला तर्क शिकवावा लागत नाही, हे थेऑनने रंगमंचावर पुष्कळ पाहिलं होतं.

"तुम्ही ते नाटक बसवलं होतं," हेगियास म्हणाला. "बायको मेली म्हणून गवई पाताळात उतरतो. तिथला राजा त्याला बजावतो, मागे वळून पाहू नकोस, ती तुझ्यामागून येईल. तरी वळून पाहतो आणि हातातली बायको जाते. मिर्तोचंही तसंच होणार. सारखी मागे पाहते. हातातलं घालवून बसेल!"

"नाटकात मागे कोण वळलं होतं?"

"गवई."

"गळा गोड होता का रे त्याचा?"

हेगियासने नजर टेकडीखाली वळवली.

खाली कबरस्तानात बायका येऊ लागल्या होत्या. कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. नाव वर ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज येत होता.

"मिर्तो कुठे आहे आत्ता?" थेऑनने विचारलं.

"... घरात."

"अजून निघाली नाही?"

"बाहेरून कडी घालून आलोय."

थेऑनने पहिल्यांदाच त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"काय म्हणाली?"

"रडली असती तर बरं झालं असतं. खापऱ्या गोळा करत म्हणाली, कडी कधीतरी काढशीलच. मग मी जाईन. परत यायचं की नाही, ते तिथे बसून ठरवीन." हेगियास पुढे सरकला. "ती गेली तर मी काय करू, गुरुजी? माझं प्रेम आहे तिच्यावर. मला ती सगळी हवी आहे. सगळी! माझ्या ताटातला घास खातोय तो आंद्रोन!"

थेऑनने घडा उलटा केला. उरलेलं पाणी मातीत गेलं.

"पाणी द्या," हेगियास म्हणाला. "घसा सुकलाय."

"संपलं."

"संपलं? मी आल्यापासून तुम्ही ते मातीत ओतताय! उन्हातून टेकडी चढून आलो मी. ओंजळ पुढे केली तर..."

"पाहुण्याला पाजलं."

"कोणत्या पाहुण्याला? मी एकटाच आलोय इथे!"

"आलास एकटाच. बसल्यापासून त्याला हाका मारतोयस."

हेगियासने उंबऱ्याकडे पाहिलं. माती चिंब झाली होती. तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या.

"समुद्रात बुडून मेलाय तो! त्याला पाण्याची काय कमी?"

"ते खारं होतं."

हेगियास आणखी काहीतरी बोलणार होता. "आं..." एवढं तोंडातून निघालं आणि तो थांबला. हात नकळत तोंडावर गेला.

खालचे आवाज येत राहिले. ऊन कलायला लागलं होतं.

"तो माझ्या घरात राहतो," हेगियास शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता, भीती होती. "गुरुजी... मी आता काय करू?"

थेऑनने रिकामा घडा भिंतीशी पालथा ठेवला.

"घरी जा. आधी कडी काढ. मग तिच्याकडे पाणी माग... एकापुरतं."