गोलकीपरने मागितलेला आशीर्वाद

“मग आशीर्वाद कसला हवा?” म्हाताऱ्या लामांनी विचारलं.

पुंचोकने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. म्हणाला, “एवढा एक हंगाम सुखाचा जाऊ दे, मेमे-ले. अडथळा नको, दुखापत नको. कुठे खरचटायलासुद्धा नको.”

लडाखमधल्या त्या गावात सगळेच लामांना मेमे, म्हणजे आजोबा म्हणत, आणि आदराने पुढे ‘ले’ जोडत. आणि पुंचोकला ओळखत नाही असं माणूस तिथे सापडलं नसतं. गावच्या गोठलेल्या तळ्यावर आइस हॉकी खेळत तो वाढला आणि परदेशातल्या संघांचा पगारी गोलकीपर झाला. एका संघाने काढलं, तो दुसऱ्यात गेला. गुडघा फाटला, शिवून घेऊन परत उभा राहिला. मग दुसरा गुडघा. हा काही मेल्या आईचं दूध प्यालेला नाही, असं लोक म्हणायचे. तोही ते चारचौघांत ऐकवायचा.

आता वय झालं होतं. दूरच्या एका क्लबने चाचणीला बोलावलं होतं. ही हुकली की खेळ संपला. पुंचोक घाबरला होता, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

लामांच्या पुढ्यातल्या चहावरचं लोणी थिजलं.

मग ते काठी घेऊन उठले. “चल, नोनो. तू काय करतोस ते मी कधी पाहिलंच नाही.”

नोनो म्हणजे धाकटा भाऊ. एवढ्या नावाजलेल्या खेळाडूला हे जरा लागलं. पण स्केट्स खांद्यावर टाकून तो मागोमाग उतरला.

गावकऱ्यांनी आदल्या दिवशी तळ्यावर पाणी सोडलं होतं, त्याचा नवा थर धरला होता. धुकं होतं. पलीकडचा डोंगर बर्फात उलटा उभा होता, आणि पॉपलरची झाडंही. कसलाच आवाज नव्हता. आपण जागे आहोत की झोपेत, असं क्षणभर वाटावं अशी ती सकाळ होती.

पुंचोक गोलच्या जाळ्यासमोर गेला आणि स्केटच्या पात्यांनी बर्फ खरवडू लागला. सामन्याआधी प्रत्येक गोलकीपर हे करतोच.

“हे काय?”

“उभं राहायला जागा करतोय, मेमे-ले.”

“इतका सुंदर बर्फ... कशाला खराब करतोस?” लामांनी त्याला पलीकडच्या जाळ्यापाशी पाठवलं. तिथला बर्फ मात्र आहे तसाच ठेवायचा, असं बजावलं.

पुंचोक मनात हसला. म्हाताऱ्याने काठीने मारलेला पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, तो डोळे मिटून अडवणार होता.

लामांनी पक ढकलला. हळूच, कोपऱ्याकडे.

पुंचोकने पाय रेटला. पाय नुसताच सरकला. तो दाणकन बसला आणि पक त्याच्या शेजारून सावकाश आत गेला.

लामांनी जाळ्यातून पक काढून आणला. पुन्हा ढकलला. पुन्हा तेच झालं.

पुंचोकची कानशिलं तापली. लाज वाटत होती आणि रागही येत होता, पण रागवायचं कुणावर ते कळत नव्हतं.

“पाय धरत नाही,” तो म्हणाला. “खरवडल्याशिवाय इथे कुणीच टिकणार नाही, मेमे-ले. मला आधी...”

तो थांबला.

धुकं थोडं सरकलं. बर्फातला उलटा डोंगर अजून तसाच होता. बसल्या जागी पुंचोकचा हात आपोआप गुडघ्यावर गेला, टाक्यांचे वण होते तिथे, आणि तिथेच राहिला...

लामांनी त्याला उठायला काठी पुढे केली.

“हं, नोनो,” ते म्हणाले. “आता सांग. आशीर्वाद कसला हवा?”