तिपाईचा तिसरा पाय

"...म्हणजे ती मोठी लेन्स घेऊच नको म्हणता?"

सिकंदरबाबा काहीच म्हणाले नव्हते. भरतेश मगदूम टेकडीवर पोचल्यापासून एकटाच बोलत होता, आणि बाबा चुलीपुढे उकिडवे बसून चहाच्या पातेल्यात बघत होते. पातेल्यात काही नवीन दिसत असावं, इतकं लक्ष देऊन.

सिकंदरबाबांचा पूर्वी खाली तालुक्याच्या गावात फोटो स्टुडिओ होता. लोक त्यांच्याबद्दल काय काय सांगतात. एका लग्नात म्हणे उजेड बरोबर नाही म्हणून त्यांनी मुहूर्त थांबवला, आणि भटजींनी पंचांग पुन्हा उघडून कबूल केलं की बाबांचंच बरोबर आहे. एका पुढाऱ्याचा फोटो त्यांनी इतका खरा काढला, की पुढच्या निवडणुकीत तो पडला. यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं एका माणसाला पुष्कळ होतं. मग एके दिवशी बाबांनी स्टुडिओला कुलूप लावलं आणि टेकडीवरच्या पिराशेजारी येऊन राहिले. तेव्हापासून पंचक्रोशीत ज्याला कॅमेऱ्याचं खूळ लागायचं, तो एकदा तरी ह्या पायऱ्या चढायचाच.

भरतेशला ते खूळ चांगलंच लागलं होतं. इचलकरंजीत त्याची सुताची दलाली. पण एका बगळ्याच्या फोटोला बक्षीस मिळालं, आणि तो फोटोंना 'माझं काम' म्हणायला लागला. ज्याच्यावर घर चालतं त्याला 'तो धंदा'.

उद्या पहाटे गाडी, मग मुंबई, मग विमान, मग नॉर्वे. आणि बॅगेचं अजून ठरत नव्हतं.

"विमानात हातातल्या बॅगेला सातच किलो चालतं, बाबा. कॅमेरा खाली सामानात टाकायची छाती होत नाही. म्हणून विचारतो... लेन्स घेऊ की नको?"

"बायको कुठं हाय?"

"येतेय मागून. गुडघा आहे ना तिचा. हळूहळू येतेय."

खरं तर भरतेशला लागलेली काळजी लेन्सची नव्हती. सकाळी पद्मजा त्या बॅगेपाशी येऊन उभी राहिली होती. मध्यरात्रीसुद्धा मावळत नाही तो सूर्य बघायचा, हे तिनं सहावीतल्या भूगोलाच्या तासाला ठरवलेलं. नॉर्वे तिचं होतं. तिनं विचारलं, "अहो, ह्या बॅगेत माझं काय आहे?" भरतेशनं बॅगेत पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा बॅगेत पाहिलं. "मग मी कशाला येऊ?" ती म्हणाली. "तुम्ही बाबांकडं निघालाय ना? मीही येते. ते जा म्हणाले तर येईन. नाहीतर तुम्ही जावा की तुमची बॅग घेऊन."

भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नव्हती.

"हलकी केलोय म्हणतोस बॅग," बाबा म्हणाले.

"एकदम हलकी!" भरतेशचा चेहरा उजळला. "सगळा उन्हाळा त्यातच गेला, बाबा. मोठा कॅमेरा काढून टाकला, लहान घेतला. ट्रायपॉड कार्बनचा. फुंकर मारली तर उडेल. टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापलाय."

"दांडा कशाला?"

"तेवढंच वजन कमी."

बाबांनी त्याच्या पोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"धर मग," ते म्हणाले.

"काय?"

"बॅग. हात लांब करून धर. चहा होस्तवर."

भरतेशनं बॅग उचलली आणि हात पुढे केला. सोपं होतं. तो हसलासुद्धा.

"मोठी लेन्स कशाला?"

"गरुड दिसला तर."

"आणि ती बुटकी?"

"डोंगर अगदी अंगावर आला तर. मावला पाहिजे ना फोटोत."

"दुसरा कॅमेरा हाय म्हटलास. तो?"

"पहिला बंद पडला तर."

"आणि दुसराबी बंद पडला तर?"

भरतेशच्या कपाळावर घाम आला. सगळ्या उन्हाळ्यात हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"...तिसरा घेऊ?"

बाबा चहात साखर टाकायला लागले.

हात आता थरथरत होता. आधी कोपर, मग खांदा. बॅग इंचाइंचानं जमिनीकडे निघाली होती.

"बाबा, हात..."

"हलकी हाय की."

"हो, पण..."

"काय काय भरलास ते कळलं. काय काय काढलास?"

भरतेशनं बॅगेकडे पाहिलं.

"एक स्वेटर," तो म्हणाला. "तिथं आता उन्हाळा असतो म्हणतात. मग... तिच्या मेथीच्या लाडवांचा डबा. जड होता हो."

"अजून?"

चुलीतलं लाकूड तडतडलं. खालच्या पायऱ्यांवरून टक, टक असा आवाज येत होता. थांबत होता. पुन्हा येत होता.

"तिची काठी," भरतेश म्हणाला.

"कुठली काठी?"

"घडीची आहे एक. डॉक्टरनं दिलेली." मग बाबा काही म्हणायच्या आत तो घाईघाईनं म्हणाला, "पण त्यात युक्ती आहे! या ट्रायपॉडचा एक पाय फिरवला की सुटा होतो. वर मूठ आहे रबराची. झाली काठी! एका वस्तूत दोन कामं. आता तोच पाय घेऊन चढतेय ती. ऐका... तोच आवाज."

टक... टक...

"म्हंजे तिपाईचा एक पाय तिच्याकडं हाय."

"हो."

"बरं," बाबा म्हणाले. "ठेव बॅग."

भरतेशनं बॅग ठेवली, खांदा चोळला, आणि मान वर केली. आणि तिथंच तो खिळला.

दिवसभर आभाळ मळकं होतं. पण आता मावळतीकडे ढगांच्या खाली एक फट उघडली होती, आणि तिच्यातून सूर्यानं टेकडीखालचं अख्खं धरण पेटवलं होतं. पाणी आटून खोल गेलेलं. गाळाच्या वळ्यांवर वळ्या, आणि प्रत्येक वळी वेगळ्या रंगाची. नॉर्वे झक मारेल असला उजेड इचलकरंजीच्या माणसासमोर फुकट येऊन उभा राहिला होता.

"बाबा! हा... हा उजेड..."

"हाय की. मांड तिपाई."

भरतेशनं कॅमेरा काढला, त्यावर काळं फिल्टर चढवलं. असल्या फोटोत पाणी रेशमासारखं दिसायला हवं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या आतलं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं, आणि तेवढा वेळ कॅमेरा केसभरही हलता कामा नये. हातात धरून जमायचं नाही. त्यानं ट्रायपॉड उघडला.

दोन पाय.

त्यानं तो उभा केला. तो डावीकडे पडला. त्यानं दगडाला टेकवला, तो दगडासकट कलंडला. त्यानं चुलीजवळचं एक लाकूड उचलून तिसऱ्या पायाच्या जागी लावलं. ते अर्धं जळकं होतं, त्याचा हात भाजला.

"आण हिकडं," बाबा म्हणाले, आणि ती दोन पायांची तिपाई त्यांनी मानेला धरून उभी केली. दमलेलं बकरू धरावं तशी. "मी धरतो. पण माझा हात कापतो बरं का. म्हातारा हाय."

भरतेश कड्याशी धावला.

"अगं पद्मजा! पाय आण गं! पाय!"



"माझा की तुमचा?" पद्मजानं खालून विचारलं.

ढगांची फट बारीक होत होती. भरतेश पायऱ्या उतरत सुटला. अर्ध्या वाटेवरच्या कट्ट्यावर ती बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. तो काठीसारखा पाय शेजारी टेकवून ठेवलेला. भरतेशनं तिच्याकडे पाहिलं, पण आधी पायाकडे पाहिलं.

तिला ते दिसलं.

"घ्या," ती म्हणाली, आणि पाय त्याच्या हातात दिला. "तुमचा उजेड जाईल."

"तू इथंच बस हं. मी आलोच. हा गेलो आणि हा आलो."

"मी कुठं जाणार आता?"

ती रागावलेली नव्हती. तो दोन पायऱ्या चढला आणि थांबला. वर सोनं होतं. खाली पद्मजा होती. मधे तो, हातात पाय घेऊन. जरा उभा राहिला... आणि मग वर पळाला.

पाय बसला. तिपाई उभी राहिली, देवळातल्या समईसारखी ताठ. भरतेशनं बटण दाबलं आणि श्वास रोखला. बाबांनीही रोखला असावा, कारण चुलीतला धूरसुद्धा त्या वेळी सरळ वर गेला असं सांगतात.

खट्.

ढग मिटले. उजेड गेला.

भरतेशनं पडद्यावर फोटो पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. असा फोटो मगदुमांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. त्यानं डावा कोपरा मोठा करून पाहिला, मग उजवा. काठावरची बाभळ मोठी करून पाहिली. तिचे काटे दिसत होते.

"आला?" बाबांनी विचारलं.

"आला, बाबा! बघा तर!"

बाबांनी बघितलं. मनापासून बघितलं.

"लई भारी आलाय," ते म्हणाले.

भरतेश हसला. अजून एकदा कोपरा पाहिला. आणि मग, हसू तोंडावर असतानाच, त्याला आठवलं.

तो कड्याशी पळाला. कट्टा रिकामा होता.

"पद्मजा!"

"आले की! ओरडताय कशाला?"

ती बरीच वर आली होती. पायरीवर बसायची, हात मागे टेकवून वरच्या पायरीवर सरकायची, पुन्हा बसायची. पाठ टेकडीकडे, तोंड धरणाकडे. साडी मागून धुळीनं पांढरी झाली होती. भरतेश उड्या मारत खाली गेला आणि तिच्यासमोर हात पुढे करून उभा राहिला.

"अहो, बाजूला व्हा. दिसत नाही."

"काय दिसत नाही? गेला उजेड आता."

"आहे अजून खालच्या अंगाला. बाजूला व्हा म्हणते ना."

तो बाजूला झाला. ती आणखी एक पायरी सरकली, मग आणखी एक. तो रिकामा हात पुढे करून सोबत चढत राहिला. वर पोचल्यावर तिनं स्वतःच पिराच्या ओट्याला धरून उठून साडी झटकली. तिचा चेहरा लाल झाला होता, आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

"म्हशी बघितल्या का, बाबा?"

"बघितल्या की."

"पाण्यात काळ्या होत्या, आणि बाहेर निघाल्या तर नुसत्या तांब्याच्या! एकीमागून एक. आणि ती शेवटची, शिंगमोडकी, बाहेरच येईना. तो गुराखी तिच्या नावानं ओरडतोय, आणि ती आपली मान वर करून सूर्याकडं बघत बसलीय. म्हटलं, बघ बाई, तू तरी बघ."

"कुठं म्हशी?" भरतेश म्हणाला.

"अहो, समोर! धरणात. सगळा कळप होता."

भरतेशनं कॅमेरा उघडला. डावा कोपरा पाहिला, उजवा पाहिला. पाणी रेशमासारखं होतं. काठ रेशमासारखा होता. जिथं झाकण बराच वेळ उघडं असतं तिथं हलणारं काही टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. हे तो इचलकरंजीच्या फोटो-क्लबातल्या नव्या पोरांना शिकवायचा.

काठाजवळ एक पुसट डाग होता. तो म्हशीचा असेल किंवा नसेल.

त्यानं कॅमेरा बंद केला. तिपाईचा पाय फिरवून सुटा केला आणि पद्मजापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. नकोही म्हणाली नाही. बाबांनी दिलेला चहा ती बशीत ओतून पीत होती.

भरतेश पाय हातात घेऊन उभा राहिला. पुन्हा तिपाईला लावावा, की तसाच धरून राहावं, ते त्याला ठरवता येईना. उद्याची पहाट त्याच्या छातीवर येऊन बसली होती.

पद्मजानं बशी खाली ठेवली. तोंड पुसलं.

"बाबा," ती म्हणाली, "मग उद्या मी जाऊ काय?"



बाबांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यावर पाणी शिंपडलं. ते विझेपर्यंत वाट पाहिली.

"तू जा, पोरी," ते म्हणाले. "ह्याला न्यायचा का... ते वजन बघून ठरव."