धनगरणीची हाक

फार पूर्वी एका माळावर एक धनगरीण राहायची. नवरा वारलेला, पदरात एक लहान लेक, आणि दोघींचं पोट चालायचं ते साठ मेंढरांवर. मेंढरं गेली की चूल बंद!

त्या माळावर प्रत्येक कळपाची हाक वेगळी असायची. धनगरणीची हाक म्हणजे लांबलचक शीळ. ती शीळ तर सगळ्या माळाला ऐकू जायची, पण शेवटी ती जिभेनं टाळूवर हळूच तीन टकारे द्यायची. ते फक्त मेंढरांच्या कानांना कळायचे. नुसत्या शिळेवर एक मेंढरू जागचं हलत नसे. ते टकारे कुणाला सांगायचे नाहीत, अशी माळावरची रीतच होती.

एका संध्याकाळी गळ्यात बिल्ला अडकवलेला एक माणूस धापा टाकत आला.

"अगं बाई, बसलीस काय अशी! चोरांना सगळ्यांच्या हाका कळल्यात. राजाचा हुकूम आहे, आजच्या आज आपली हाक नोंदवायची. दिवस मावळेपर्यंत नोंद झाली नाही, तर कळप जप्त!"

धनगरीण उठून उभी राहिली. "पण दादा, हाक कुणाला सांगत नसतात."

"परक्याला नसतात. मी काय परका? राजाचा माणूस मी."

"पलीकडच्या टेकडीवर माझे दीर आहेत. त्यांना विचारून येते."

"जा की! सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार आहे? तुझ्या भल्यासाठी आलो, तर माझ्यावरच संशय! बरं, लिहितो मी, 'बाईनं नकार दिला.'" त्यानं बोरू शाईत बुडवला.

भीतीपुढं शहाणपण टिकत नाही, बघा. तिनं लेकीकडे पाहिलं, मेंढरांकडे पाहिलं आणि त्याच्या कानाशी तीन टकारे दिले. त्यानं ते दोनदा घोकले आणि चालता झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओढ्यावर पाणी भरत होती. तेवढ्यात अलीकडच्या टेकडीमागून शीळ आली. तिचीच शीळ! मेंढरांनी माना वर केल्या. म्होरकी मेंढी निघाली, तिच्यामागं सगळा कळप.

घागर टाकून धनगरणीनं जीव खाऊन हाक दिली. मेंढरं थबकली. कधी इकडे बघत, कधी तिकडे. बिचाऱ्यांना काय कळणार? दोन्हीकडून हाक एकच! पलीकडून पुन्हा शीळ आली, आणि मेंढरं तिकडेच धावली. ती मागं पळाली, ठेचाळली, गुडघे फुटले. टेकडी ओलांडेपर्यंत समोर नुसता धुरळा उरला होता.

ती मटकन खाली बसली. लोक हसतील, एवढी कशी खुळी म्हणतील! लांडग्यानं नेली असं सांगावं का? एवढ्यात तिला दिरांची आठवण झाली. तो मेला आता त्यांच्याकडेच गेला असेल! ती उठली आणि रक्ताळल्या गुडघ्यांनी धावत सुटली.

तिथं तो बिल्लेवाला उभाच होता. "दिवस मावळला की कळप जप्त," असं धमकावत होता, आणि दीर घाबरून तोंड उघडणार, तोच ती ओरडली, "भाऊजी, हाक सांगू नका! मी सांगितली, माझी मेंढरं गेली!"

दिरानं त्याचं मनगट धरलं. आजूबाजूचे धनगर काठ्या घेऊन आले. मग काय, त्यानं साथीदारांचा ठिकाणा पटापट सांगितला. तरी बेचाळीसच मेंढरं परत मिळाली. अठरा गेली ती गेलीच.

पुढं महिनाभर खपून धनगरणीनं उरलेल्या कळपाला नवी हाक शिकवली. मग लेकीला जवळ घेऊन म्हणाली, "ही तुला सांगते. पण घाई करून कुणी विचारली, तर?"

"नाही सांगणार."

"आणि खरोखर राजाच आला, तर?"

लेक म्हणाली, "राजाला आपली मेंढरं वळायचीत होय?"

आई हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तात्पर्य: आपला पासवर्ड किंवा ओटीपी खऱ्या अधिकाऱ्याला कधीच लागत नाही; जो घाबरवून, घाई करून तो मागतो, तो चोरच. आणि फसलात, तर लाजून गप्प बसू नका. तुमच्या एका हाकेनं दुसऱ्याचा कळप वाचतो.