टेपपुढे ताठ झालेली लोकर

फार पूर्वी, मोजायच्या टेपचा सगळ्यांना धाक होता तेव्हाची गोष्ट. कुमुदताईंच्या विणकामाच्या टोपलीत असाच एक टेप होता. नव्या, ताणल्या जाणाऱ्या लोकरीचा, टाके मोजण्यापुरता नमुन्याचा चौकोन विणून झाला, तसा तो खेकसला, "ताठ हो!" बिचारी लोकर घाबरून होती नव्हती तेवढी ताणली गेली. टेपने रुबाबात सांगितलं, "चार इंचांत बारा टाके."

त्या मापाने क्रोशाच्या सुईने आठ दिवस खपून स्वेटर विणला. तो कुमुदताईंच्या नातीच्या, मृण्मयीच्या डोक्यातूनसुद्धा जाईना. कुमुदताई तो उसवायला बसल्या.

"इतकी आखूड कशी झालीस गं?" टेपने दरडावलं.

"मी अशीच आहे. तुम्ही ओरडलात म्हणून लांब झाले होते."

टेप वरमला. नवा चौकोन धुऊन, वाळवून ठेवला, तेव्हा तो हळूच त्याच्या शेजारी आडवा झाला. "पड निवांत. मला घाई नाही." लोकर सैलावली, तिचा डोळा लागला, तेव्हा कुठे त्याने मोजलं. त्याच चार इंचांत सोळा टाके!

या मापाने पुन्हा विणलेला स्वेटर मृण्मयीला अगदी मापात बसला. तेव्हापासून टोपलीत नवी लोकर आली, की टेप आधी विचारतो, "काय गं, झोप झाली का नीट?"