मुनीची हरकत

फार पूर्वी वाराणसीत उग्रदत्त नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका मुनीचा जन्म घेतला होता, आणि हा मुनी बोलत नसे. त्याने बारा वर्षांचे मौन धरले होते. असे मौन जो तडीस नेईल त्याला वाचासिद्धी लाभते, त्याच्या तोंडून निघालेला शब्द खरा होतो, अशी तेव्हा सर्वांची श्रद्धा होती. बारावे वर्ष संपत आले होते. येत्या पौर्णिमेला मुनी बोलणार, असे जो तो म्हणत होता.

मुनीची झोपडी बलाकसर नावाच्या तळ्याच्या पूर्वकाठी होती. ही पूर्वेची जमीन मोठी लहरी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि हिवाळ्यात पुन्हा वर येई. वर येताना लव्हाळा आणि ओले गवत घेऊन येई. पलीकडच्या काठावर वेत्रग्राम नावाचे गाव होते. तिथल्या बाया त्या लव्हाळ्याच्या चटया विणीत, गुराखी गुरे सोडीत, कोणी मऊ मातीत काकड्या लावीत. राजाच्या लेखी ती तळ्याची जमीन होती, आणि तळ्याच्या जमिनीवर घर बांधायचे नाही असा जुना नियम होता. मुनीची झोपडी म्हणजे चार बांबू आणि थोडे गवत. पाऊस आला की तो ते सगळे खांद्यावर घेऊन टेकाडावर जाई, पाणी ओसरले की खाली येई. तळ्याचे आणि त्याचे कधी भांडण झाले नाही.

शारिका नावाची चटया विणणारी एक विधवा रोज त्याच्यासाठी भात घेऊन येई. मुनी बोलत नसे आणि शारिका थांबत नसे, त्यामुळे दोघांचे छान जमले होते. सून उशिरा उठते, म्हैस दूध चोरते, शेजारीण लव्हाळ्याचा चांगला पट्टा आधीच कापून नेते, हे सगळे ती त्याला सांगे. शेवटी म्हणे, “बाबा, तुम्ही काही बोलू नका. तुमचा शब्द जपून ठेवा. पौर्णिमेला पहिला शब्द आमच्या गावासाठी बोला, म्हणजे झालं.”

मुनी नुसता हसे. पहिले बोलणे काय असावे हे त्याने केव्हाच ठरवले होते. या गावाला कधी काही कमी पडू नये, एवढेच त्याला म्हणायचे होते. त्यासाठीच तो इतकी वर्षे ओठ मिटून बसला होता.

आता राजाचा एक अमात्य होता, पांडुर नावाचा. एकदा तो राजाबरोबर तळ्यावर हंस बघायला आला आणि हंस सोडून जमीनच बघत राहिला. नगरात परतल्यावर त्याने मोठमोठ्या श्रेष्ठींना, म्हणजे धनाढ्य व्यापाऱ्यांना, जमवले. तळ्याकडे तोंड केलेले प्रासाद, प्रत्येक प्रासादाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, मधून रथ जाण्याजोगा रस्ता, असे काय काय त्याने त्यांना रंगवून सांगितले. श्रेष्ठींच्या तोंडाला पाणी सुटले.

राजाने विचारले, “पण ती तळ्याची जमीन आहे ना? तिथे घरे बांधता येत नाहीत.”

“महाराज, तळ्याची जमीन आहे म्हणूनच येत नाहीत,” पांडुर म्हणाला. “तीच वस्तीची जमीन आहे असे जाहीर केले की येतील.”

राजाला हे फार शहाणपणाचे वाटले. जमीन तीच, माती तीच, पाऊसही तोच. फक्त नाव बदलायचे होते. पाणी प्रासादांत शिरू नये म्हणून पुढे उंच बांध घालायचे ठरले. ते अडलेले पाणी मग कुठे जाणार, हे राजाने विचारले नाही आणि पांडुरने सांगितले नाही. वेत्रग्रामात मात्र हे लहान पोरालाही कळत होते. तळे इकडे अडवले की ते तिकडे फुगणार, आणि तिकडे यांची घरे होती. लव्हाळा जाणार तो जाणारच, वर घरातल्या चुलीपर्यंत पाणी येणार.

त्या राज्यात एक रीत होती. जमिनीचे काम बदलायचे तर राजाचा दवंडीवाला त्याच जमिनीवर उभा राहून तीनदा विचारी, “कोणाची हरकत आहे काय?” हरकत दोघांनाच घेता येई. गावाच्या वतीने ग्रामणीला, म्हणजे गावाच्या प्रमुखाला, आणि त्या जमिनीवर ज्याचे बिऱ्हाड असेल त्याला. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला तरी राजाला काम थांबवून त्याचे म्हणणे ऐकावे लागे. तिसऱ्या हाकेनंतरही दोघे गप्प राहिले तर ते राजी आहेत असे धरले जाई.

ग्रामणी सोमिल हा तसा वाईट माणूस नव्हता. पण पांडुरने त्याला पायऱ्यांजवळची एक जागा देऊ केली आणि जावयासाठी तिच्या शेजारची दुसरी. तेव्हापासून सोमिलला राजाशी वैर कशाला घ्यायचे असे वाटू लागले. राहता राहिला मुनी. त्याची तर पांडुरला काळजीच नव्हती. उलट तो राजाला म्हणाला, “खुद्द मुनिवर त्या जमिनीवर राहतात. ते हरकत घेणार नाहीत. लोक म्हणतील, मुनींनीच आशीर्वाद दिला.” आणि त्याने दवंडीचा दिवस पौर्णिमेच्या चार दिवस आधीचा धरला.

दवंडीच्या आदल्या सकाळी शारिका भात घेऊन आली ती तणतणतच. “मी गेले होते सोमिलकडे. म्हटलं, तोंड शिवलंय का तुझं? तर मला म्हणतो, तुला कोण विचारतं? विचारत नाही ते खरंच. चाळीस वर्षं या लव्हाळ्यात हात कापून घेतले, पण मला कोण विचारतं!” एवढे बोलून ती बसली आणि मग तिला पुढे बोलायला काही सुचेना. ती गप्प झाली. इतक्या वर्षांत मुनीने तिला गप्प बसलेले पाहिले नव्हते.

जाताना ती म्हणाली, “बाबा, मी काही मागत नाही हं. तुमचं व्रत तुम्ही सांभाळा. आमचं आम्ही बघू.” तिने भाताचे पान त्याच्याकडे सरकवले आणि ती पाठ फिरवून चालू लागली.

मुनीला तो भात गिळवेना. मुनींना राग येत नाही असे म्हणतात, पण त्याला आला. आधी तो पांडुरचा आला, मग सोमिलचा आला, आणि सरतेशेवटी स्वतःचा आला. इतकी वर्षे त्याने मौन गावासाठी जपले होते, आणि उद्या तेच मौन गावावर चालून येणार होते. पौर्णिमेनंतर माझा शब्द खरा होईल, तेव्हा सगळे नीट करता येईल, असे त्याने मनाला सांगून पाहिले. मन ऐकेना. उद्या तो काहीच करणार नव्हता आणि तरीही त्याच्या नावावर एक होकार लिहिला जाणार होता. हे त्याला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी छत्रे उभी राहिली. राजा आला, श्रेष्ठी आले. पांडुरच्या माणसांनी खुंट्या ठोकून दोर ताणले होते, आणि कोणता प्रासाद कोणाचा यावरून श्रेष्ठींची आत्तापासूनच कुजबुज सुरू झाली होती. वेत्रग्रामचे लोक एका बाजूला दाटीवाटीने उभे होते. मुनी आपल्या झोपडीपुढे बसला होता.

दवंडीवाल्याने ढोल वाजवला. “ही तळ्याची जमीन आजपासून वस्तीची जमीन होत आहे. कोणाची हरकत आहे काय?”

“आहे!” शारिका ओरडली. “माझी आहे!”

“तू ग्रामणी आहेस?”

“नाही.”

“या जमिनीवर राहतेस?”

“राहत नाही, पण माझं पोट याच जमिनीवर आहे!”

“मग तुझी हरकत धरता येत नाही,” दवंडीवाला म्हणाला. श्रेष्ठी हसले. एकाने तर टाळी दिली.

दुसरी हाक झाली. सगळे गाव सोमिलकडे पाहू लागले. सोमिल आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहत होता. त्याच्या मागून कोणीतरी हळूच म्हणाले, “बोल की रे.” त्याने मान वर केली नाही.

तिसरी हाक झाली. पांडुर झोपडीसमोर येऊन हात जोडून उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “मुनिवर, आपली काही हरकत नाही ना?” आणि तो हसला.

मुनी उठला. तो काय करणार हे सगळ्यांच्या आधी शारिकेला कळले. ती दोर ओलांडून धावली. “बाबा, नको! पौर्णिमा तोंडावर आली आहे. इतक्या वर्षांचं सगळं जाईल. आमच्यापायी नको!”

मुनीने तिच्याकडे प्रेमाने पाहिले. मग त्याने तोंड उघडले, पण आवाज फुटेना. खूप दिवस न उघडलेले दार करकरावे तसा घशातून नुसती खरखर निघाली. पांडुरचे हसू रुंदावले. मुनीने खाकरून घसा मोकळा केला आणि म्हणाला, “हरकत आहे.”

मग पांडुर ओरडला, “मौन मोडले! महाराज, हा व्रतभ्रष्ट झाला. व्रतभ्रष्टाच्या शब्दाला काय किंमत?”

“खरे आहे,” मुनी म्हणाला. “आता माझ्या शब्दात सिद्धी नाही. पण अमात्य, तुमच्या दवंडीने सिद्ध पुरुषाची हरकत मागितली नव्हती. इथे राहणाऱ्याची मागितली होती. मी इथे राहतो. माझी हरकत आहे.”

राजाचा चेहरा लाल झाला. त्याला आजवर कोणी चारचौघांत नाही म्हटले नव्हते, आणि तो प्रकार त्याला मुळीच आवडला नाही. “या क्षणी तुला राज्याबाहेर घालवतो,” तो म्हणाला.

“घालवा, महाराज. मी जाईन. हरकत मात्र मी इथे उभा असताना घेतली आहे, ती इथेच राहील.”

या माणसाला हत्तीच्या पायी देता येईल, पण त्याच्या तोंडून होकार काढता येणार नाही, हे राजाला दिसले. त्याने निराळ्या आवाजात विचारले, “मुनी, आणखी थोडे दिवस थांबला असतास तर तुझा शब्द खरा झाला असता. तू म्हणाला असतास तसेच झाले असते. मग घाई का केलीस?”

“महाराज, प्रश्न आज विचारला गेला. पौर्णिमेला तो कोणी पुन्हा विचारणार नव्हते. आज मी गप्प राहिलो असतो तर माझे गप्प राहणे हाच माझा शब्द झाला असता, आणि तो खोटा झाला असता. खोटा शब्द बोलून मिळवलेली सिद्धी घेऊन मी काय करू? आणि माझा शब्द आता साधा आहे हे खरे. त्याच्यात बळ नाही. ते बळ यांनीच द्यायचे आहे.” असे म्हणून त्याने गावाकडे हात केला.

शारिका त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “आता धरा नाहीतर नका धरू,” ती दवंडीवाल्याला म्हणाली, “माझी हरकत आहे.” मग तिची ती उशिरा उठणारी सून आली. मग लव्हाळ्याचा चांगला पट्टा आधी कापणारी शेजारीण आली. गुराखी आले, काकड्या लावणारे आले. बाया ताणलेल्या दोरांवर मांडी घालून बसल्या आणि उठायला तयार होईनात. “हरकत आहे!” असा एकच ओरडा उठला तेव्हा तळ्यावरचे बगळे उडाले. सोमिल तेवढा जागच्या जागी उभा राहिला.

“पांडुर,” राजाने विचारले, “बांध घातल्यावर हे पाणी कुठे जाणार?”

“ते नंतर बघता येईल, महाराज.”

“आत्ता सांग.”

पांडुर श्रेष्ठींकडे पाहू लागला. राजाने पलीकडच्या काठावर पाहिले. तिथे चटया वाळत घातल्या होत्या आणि चुलींचा धूर निघत होता. मग त्याने दवंडीवाल्याला ढोल वाजवायला सांगितला. “ही तळ्याची जमीन आहे आणि तळ्याचीच राहील,” तो म्हणाला. एवढे बोलून तो रथात बसला. श्रेष्ठी आपापली छत्रे गुंडाळून त्याच्यामागे निघाले.

खुंट्या गावकऱ्यांनी उपटल्या. लाकूड चांगले सुके होते. शारिकेने त्या खुंट्यांच्या जाळावर सगळ्या गावासाठी खीर शिजवली आणि पहिले पान मुनीपुढे ठेवले. “आता बोलायला लागलाच आहात,” ती डोळे पुसत म्हणाली, “तर गोड झाली का ते तरी सांगा.” मुनी म्हणाला, “छान झाली आहे.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने पुन्हा पहिल्यापासून मौन धरले. पण तो आता म्हातारा झाला होता. बारा वर्षे पुरी होण्याआधीच त्याचे आयुष्य संपले. वाचासिद्धी त्याला त्या जन्मी लाभली नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात सांगितली. जवळच्या एका गावाचे तळे कोणी धनिक बळकावीत होता आणि गावकरी विहाराकडे मदत मागायला आले होते. तेव्हा अनुरक्षित नावाचा एक भिक्षू त्यांना म्हणाला होता, “हा तुमचा व्यवहार आहे. आम्हां भिक्षूंना मौनच शोभते.”

कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा अमात्य पांडुर म्हणजे देवदत्त. राजा उग्रदत्त म्हणजे आनंद. शारिका आज भिक्षुणीसंघात आहे आणि तिला अजूनही गप्प बसवत नाही. तो मुनी मी होतो. आणि अनुरक्षिता, ग्रामणी सोमिल तू होतास.”

अनुरक्षिताने मान खाली घातली. तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागला.

“आणि आजही तू तेच पाहतो आहेस,” शास्ते म्हणाले.

अनुरक्षिताने मान वर केली. “नाही, भगवान. उद्या सकाळी मी त्या गावकऱ्यांबरोबर जाईन आणि बोलेन.”

शास्ते प्रसन्न झाले. “धान्य देणारा दाता असतो, धन देणाराही दाता असतो,” ते म्हणाले. “त्या जन्मी मी माझ्या मौनाचे फळ देऊन टाकले, आणि ते परत मिळणार नाही हे ठाऊक असताना दिले. ती माझी दानपारमी, म्हणजे दानाची परिपूर्णता, होती.”